अप्पांच्या कानात सतत शिट्टी वाजते, काम जिनिंगमध्ये. कुठली टेस्ट, कुठले डॉक्टर, कानात काय घालावं? सल्ला हवा

अमळनेरची_लेक
नमस्कार, जळगाव धुळ्याकडचे कोणी असतील तर प्लीज उत्तर द्या. माझे अप्पा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, फिटर आहेत, कापसाचा हंगाम लागला की दिवाळीपासून पार फेब्रुवारी-मार्चपर्यंत रोज जिनच्या लाइनीत उभे, एक मशीन दुरुस्तीला बंद असलं तरी आजूबाजूची सगळी चालूच असतात. वय ५२. गेल्या हंगामापासून म्हणतात कानात रातकिडे ओरडल्यासारखं होतं, दिवसा कामात कळत नाही पण रात्री लाइट बंद केले की सुरू, मग कूस बदलत बसतात, झोप नाही आणि दुसऱ्या दिवशी चिडचिड. टीव्ही एवढा मोठा की शेजारचे विचारतात. आई म्हणते मुद्दाम ऐकत नाहीत, पण परवा बाजारात भाजीवाली साठ रुपये म्हणाली तर ह्यांना आठ ऐकू आलं आणि तिथेच वादावादी झाली, तेव्हा मला वाटलं हे मुद्दाम नाही.

कानात ते जिनमधलाच कापूस घालतात, बोळा करून. कोणीतरी लसूण घालून गरम केलेलं तेल सांगितलंय. मला विचारायचंय की ईएनटीकडे जायचं की नसांच्या डॉक्टरकडे, टेस्ट कुठली, गोळी असते का ह्यावर, आणि अजून आठ-दहा वर्षं नोकरी करायचीच आहे तर कान कसे वाचवायचे. काम सोडा असं कृपया सांगू नका, ते शक्य नाही.

तापीकाठचा_भाऊ
ताई, मना बापले बी हाऊच तरास शे. चटईच्या प्लांटला होते, जळगाव एमआयडीसी. आधी ईएनटीकडेच जा, नसांवालं नंतर बघू, कारण कधीकधी नुसता मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की अर्धं काम होतं. पण मळ घरी काढू नका, पिन नको, काडी नको, बाजारात बसून कान साफ करून देणारे असतात त्यांच्यापुढे तर अजिबात नको. तेल बिलकुल नको, पडद्याला भोक असलं तर ते तेल सरळ आत जातं, मग कान वाहायला लागतो.

धानोऱ्याची_ऑडिओलॉजिस्ट
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारी, आहे, माहेर चोपडा तालुक्यातलं, प्रॅक्टिस आता बाहेर आहे. तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आमच्याकडे मोठ्या आवाजात काम करणाऱ्यांचं नेहमी दिसतं. कानाच्या अगदी आत शंखाच्या आकाराचा भाग असतो, कॉक्लिया, त्यात केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या आवाज पकडतात आणि नसेला देतात. वर्षानुवर्षं मोठा आवाज सोसला की ३००० ते ६००० हर्ट्झचा आवाज पकडणाऱ्या पेशी आधी जातात, आणि माणसात त्या परत येत नाहीत. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या टेस्टच्या आलेखावर, रेघ सरळ चालते आणि ४००० जवळ खड्ड्यात जाते, पुढे ८००० ला थोडी वर येते. हा खड्डा बघितला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, काम कुठे करता.

आता साठचं आठ का झालं ते बघा. अ, आ, ओ ह्या स्वरांचा आवाज जाड, ते व्यवस्थित ऐकू येतात. स, श, फ हे बारीक आणि वरच्या पट्टीतले, ते नेमके त्या खड्ड्याच्या बाजूला पडतात. म्हणून माणूस म्हणतो ऐकू तर येतं पण कळत नाही, आणि गर्दीत, बायकांचं नि लहान मुलांचं बोलणं जास्त हुकतं. आईंना हे सांगा नक्की, घरात ह्यावरून फार कटुता येते आणि अप्पांचा त्यात काही दोष नाही.

शिट्टीचं म्हणाल तर त्याला टिनिटस म्हणतात. बाहेर आवाज नसतो, तरी ऐकू येतो, वेड नाही आणि भासही नाही. कानाकडून येणारा सिग्नल कमी झाला की मेंदू आपला आवाज वाढवून घेतो, रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण बटण फिरवतो आणि खरखरच मोठी होते, तसंच. म्हणून शांततेत जास्त जाणवतं.

टेस्टचं नाव प्युअर टोन ऑडिओमेट्री. आवाज बंद असलेल्या खोलीत झाली पाहिजे, आधी फोन करून तशी खोली आहे का एवढं विचारा, पंखा चालू, दार उघडं अशा ठिकाणी केलेल्या टेस्टचा उपयोग नाही. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, शिफ्ट संपवून तसंच टेस्टला जायचं नाही. मोठ्या आवाजानंतर कान काही तास, कधी एक-दोन दिवस दबलेले असतात आणि रिपोर्ट खऱ्यापेक्षा वाईट येतो. कमीत कमी १४ तास तरी आवाजापासून लांब पाहिजे, म्हणजे सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर जायच्या आधी. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, तिथे ईएनटीच्या ओपीडीत दाखवा, टेस्ट तिथेच सांगतात. खूपच गुंतागुंत निघाली तर मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, कानाचंच काम करतात.

हे मात्र थांबू नका असे प्रकार: एकाच कानात आवाज, नाडीच्या ठोक्यासारखा धकधक आवाज, सोबत चक्कर, कान वाहणं. आणि एखाद्या सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकूच येईना तर त्याच दिवशी ईएनटी, पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉइड सुरू झालं तर ऐकू परत यायची शक्यता चांगली असते, आठवडाभर थेंब टाकत बसलं की ती कमी होत जाते.

अमळनेरची_लेक
मॅडम खूप खूप धन्यवाद, आईला वाचून दाखवलं, ती गप्पच झाली. दोन्ही कानात आहे आवाज, चक्कर नाही. गोळीचं विचारायचं राहिलं, आमच्या ओळखीच्या एकांनी जिन्को की काय त्या गोळ्या सांगितल्यात, महिन्याच्या बऱ्याच महाग आहेत, आणि मोबाइलवर एक जाहिरात येते २१ दिवसांत मुळापासून बंद म्हणून.

धानोऱ्याची_ऑडिओलॉजिस्ट
ती जाहिरात सोडून द्या, एक रुपया घालू नका. टिनिटस पूर्ण बंद करणारी गोळी आज कुठेच नाही. अमेरिकेतल्या ईएनटी डॉक्टरांच्या संघटनेने २०१४ मध्ये टिनिटसवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात जिन्को, मेलाटोनिन, झिंक ह्याची शिफारस करू नका असंच लिहिलंय. बी-१२ रक्तात खरंच कमी निघालं तर घ्यायचं, ते कमतरतेसाठी, शिट्टीसाठी नाही.

उपयोग कशाचा होतो ते सांगते. ऐकू कमी असेल तर बरोबर सेट केलेलं श्रवणयंत्र, बोलणं कळायला लागतं आणि बऱ्याच जणांची शिट्टीही मागे पडते. आणि सीबीटी नावाचं समुपदेशन, त्याने आवाज जात नाही पण आवाजाचा त्रास कमी होतो, आत्तापर्यंत सगळ्यात जास्त पुरावा त्याचाच आहे. अजून एक, डॉक्टरांना चालू असलेली आणि आधी झालेली सगळी औषधं सांगा, टीबीची इंजेक्शनं, जेंटामायसिन, अमिकासिन, मोठ्या डोसचं अ‍ॅस्पिरिन, लघवीची काही औषधं ह्यांनी कानावर परिणाम होतो. स्वतःच्या मनाने मात्र कुठलंच बंद करू नका.

रावेरचे_काका
बेटा, मला हा आवाज खूप वर्षांपासून आहे, थ्रेशरवर आणि ट्रॅक्टरवर उभी हयात गेली. अप्पांना माझा निरोप सांग, पहिलं वर्ष सगळ्यात अवघड असतं. मला तेव्हा वाटायचं डोकं फुटेल, जगणं नको वाटायचं, खरं सांगतो. आता दिवसात कित्येक तास लक्षातही येत नाही, आवाज गेला नाही, मीच त्याच्याकडे बघणं सोडलं. रात्री एकदम शांत खोलीत झोपायचं नाही. आम्ही उन्हाळ्यात कूलर लावतो, हिवाळ्यात पंखा भिंतीकडे तोंड करून मंद लावायचा, नाहीतर रेडिओवर भजन अगदी हळू, शिट्टी झाकली जाईल एवढं मोठं नाही, तिच्याखाली राहील एवढंच. आणि रात्री बारा वाजता अंथरुणात पडून कान लावून आवाज वाढला का कमी झाला हे तपासायचं नाही, त्यानेच झोप जाते.

फारच मनाला लागलं तर १४४१६ वर फोन करायचा, टेली मानस, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आपल्याकडे माणसं ह्याला लाजतात. लाजू नका.

सेफ्टीवाला_भुसावळ
कान वाचवण्याचं मी सांगतो, हे माझं रोजचं काम आहे.

पहिलं म्हणजे तो कापूस बंद. कापसाच्या बोळ्याने आवाज जवळपास अडतच नाही, कान झाकल्यासारखा वाटतो म्हणून माणूस निर्धास्त होतो, आणि जिनमधल्या कापसात कचरा, धूळ, सरकीची फोल सगळं असतं, ते कानात कशाला.

आवाज किती हे मोजायला मशीन लागत नाही. हात लांब केला की जेवढं अंतर, तेवढ्यावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर ८५ डेसिबल किंवा वर धरा. जिनच्या लाइनीत तर आमच्याकडे कानाशी तोंड नेऊन बोलतात किंवा हाताच्या खुणा करतात. ८५ ला आठ तास चालतं असं अमेरिकेची नायॉश संस्था सांगते, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला फक्त १५ मिनिटं. आपल्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांना ९० आहे, म्हणजे मालक नियमात असला तरी कान सुरक्षित असतीलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

फोमचे प्लग स्वस्त असतात, मेडिकलमध्ये किंवा सेफ्टीच्या दुकानात मिळतात, पण बरेच जण चुकीचे घालतात, नुसते कानाच्या तोंडाशी टेकवतात. हात धुवायचे. प्लग तर्जनी आणि अंगठ्यात फिरवून फिरवून काडीसारखा बारीक करायचा, सुरकुती पडू द्यायची नाही. उजव्या कानात घालायचा तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, त्याने आतली नळी सरळ होते, मग प्लग आत सरकवून बोटाने २०-३० सेकंद दाबून धरायचा, तो आत फुगत असतो. समोरच्याला तुमचा प्लग कानाबाहेर आलेला दिसत असेल तर तो नीट बसलेला नाही. बरोबर बसला की स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा, पिंपात बोलल्यासारखा येतो.

पण अप्पा फिटर आहेत. हाताला कायम ग्रीस. ग्रीसच्या हाताने प्लग वळून कानात घालणार म्हणजे कान पिकणार. म्हणून मी त्यांना मफ सांगेन, हेडफोनसारखे दोन्ही कानांवर बसतात ते, घालायला-काढायला सेकंद लागत नाही. आता ह्यात आपल्याकडची एक अडचण. धूळ उडते म्हणून डोक्याला रुमाल बांधलेला असतो आणि मफ रुमालावरून घालतात, फट राहते आणि सगळा आवाज त्या फटीतून आत. गादी सरळ कातडीला चिकटली पाहिजे, रुमाल कानाच्या वर बांधायचा. चष्म्याची जाड काडी असेल तरी तेच होतं. गादी कडक झाली किंवा तडकली की बदलायची.

आणि पूर्ण वेळ. थोडं बोलायला काढलं, फोन आला काढलं, असं शिफ्टमध्ये मिळून अर्धा तास जरी उघडे कान राहिले तरी फायदा पार खाली येतो. बोलायचं तर शेडच्या बाहेर येऊन मग काढायचं.

कायद्याचं पण सांगून ठेवतो कारण जिनिंगवाल्यांना हे कोणी सांगत नाही. आवाजाने आलेलं बहिरेपण १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या तिसऱ्या शेड्युलमध्ये होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आहे, म्हणजे कामामुळे होणारा, सरकारला कळवायचा आजार. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही ते व्यवसायजन्य आजारात होतं, आता त्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही धरलंय. ईएसआय ह्या कामगार विम्यातून हंगामी कारखाने वगळलेत आणि जिनिंग त्यातच धरलंय, म्हणून तुमच्याकडे बहुतेक ते कार्ड नसेल, त्यामुळे ही भरपाईची तरतूद तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची. रिपोर्टवर काम काय, किती वर्षं हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मूळ कागद घरी ठेवा, मालकाला झेरॉक्स द्या.

पारोळा_पॅडवाला
मी बँजो ग्रुपमध्ये पॅड वाजवतो, लग्नसराईत आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास तर रोज एक नाहीतर दोन वराती, मागे गाडीवर सगळा सेटअप आणि मी त्याच्या बरोबर पुढे. रात्री घरी आलो की कानात ईईईई आणि कान बंद पडल्यासारखे, सकाळी ठीक. आमच्यातल्या सगळ्यांना होतं, त्यामुळे कोणी मनावर घेत नाही. मी जाऊन ऑडिओमेट्री केली तर रिपोर्ट नॉर्मल. मग मी ठीक आहे ना? पण हल्ली गर्दीत बोलणं तुटक ऐकू येतं.

धानोऱ्याची_ऑडिओलॉजिस्ट
दादा टेस्ट केली हे फार चांगलं केलंत, पण ठीक आहे म्हणता येत नाही. २००९ मध्ये अमेरिकेत कुजावा आणि लिबरमन ह्या दोघांनी उंदरांवर दाखवलं की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत होते, केसपेशीही जागेवर दिसतात, पण पेशी आणि नस ह्यांच्यामधले जोड कायमचे गेलेले असतात. माणसात हे किती प्रमाणात होतं ह्यावर अजून काम चालू आहे, पण गर्दीत तुटक ऐकू येणं आणि टेस्ट नॉर्मल ही तक्रार आम्ही वाजवणाऱ्यांकडून ऐकतोच. रात्रीची ती ईईईई म्हणजे आज कानाने सोसलं त्यापेक्षा जास्त झालं, एवढा साधा अर्थ घ्या. सकाळी थांबली म्हणून काही झालंच नाही असं नाही.

तुमच्यासाठी फोम नको, सगळं दबकं ऐकू येतं आणि ताल चुकतो म्हणून तुम्ही काढून टाकाल. वाजवणाऱ्यांचे वेगळे प्लग मिळतात, आत बारीक फिल्टर असतो, जाड-बारीक सगळे आवाज सारखे कमी करतो, सूर बदलत नाही. महाग आहेत, पण एक सुपारी त्यात गेली तरी घ्याच. आणि स्पीकरच्या तोंडासमोर उभं राहू नका, बाजूला सरका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे दोन पावलं सरकलात तरी कानाला कळतं. एका लग्नातून दुसऱ्या लग्नाला जाताना गाडीत गाणी बंद ठेवा, कानाला तेवढा तरी आराम.

शहाद्याची_शिक्षिका
बँजोवाल्या दादांचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हळदीला आणि मिरवणुकीला लोक तान्ही बाळं कडेवर घेऊन स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहतात, बाळ रडलं की म्हणतात नजर लागली. बाळ स्वतः लांब जाऊ शकत नाही, कानावर हात ठेवू शकत नाही. कृपया लेकरं लांब ठेवा, घरात एक जण बाळाजवळ थांबला तर लग्न अडत नाही.

तक्रारीचं पण सांगते. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, सरकार वर्षात मोजकेच दिवस १२ पर्यंत सूट देतं. ११२ ला फोन करायचा. लोक घाबरतात की आपलं नाव फुटेल आणि गावात वैर होईल, तर जानेवारी २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने पोलिसांना सांगितलंय की तक्रार करणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही. आम्ही मात्र आधी मंडळाच्या पोरांशीच बोलतो, शाळेत ज्यांना शिकवलं तीच पोरं आहेत, ऐकतात. यंदा कानबाईच्या मिरवणुकीला स्पीकर शाळेजवळून जाताना बंद ठेवले त्यांनी.

तापीकाठचा_भाऊ
सेफ्टीवाले साहेब, मफ किती नंबरचे घ्यायचे? पाकिटावर एनआरआर (आवाज किती कमी होतो त्याचा आकडा) २५, ३० असं काय काय लिहिलेलं असतं. जास्तीचा घेतला की झालं का?

सेफ्टीवाला_भुसावळ
तो नंबर प्रयोगशाळेतला आहे भाऊ, नीट बसवून मोजलेला. प्रत्यक्षात निम्माच धरा, कधी त्याहून कमी. २५ च्या आसपासचा आणि डोक्याला घट्ट पण दुखणार नाही असा घ्या, अप्पांना दुकानात घेऊन जा आणि डोक्यावर घालून बघा. सगळ्यात भारी नंबरचा आणून तो टोचतो म्हणून खुंटीला टांगलेला राहिला तर काय उपयोग. फार कमी ऐकू यायला लागलं तर माणूस घाबरतो, मागून ट्रॉली आली तर कळणार नाही असं वाटतं, हे खरं आहे, म्हणून शेडमध्ये भोंग्यासोबत लाल दिवा लावून घ्या, मालकाला खर्च फार नाही.

अमळनेरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. काल अप्पांशी बोलले. आधी म्हणाले ह्या वयात कान जाणारच, सगळ्या फिटरचे जातात. मग रावेरच्या काकांचं वाचून दाखवलं तर म्हणाले परत वाच. पंखा भिंतीकडे करून झोपले.

मंगळवारी त्यांची सुट्टी असते, तर बुधवारी सकाळी धुळ्याला ओपीडीत नेतेय, कामावर न जाता डायरेक्ट. जुन्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत भरून ठेवलीयत. मफ येताना धुळ्यातूनच घेऊ, रुमाल कानाच्या वर बांधूनच घालून बघायला सांगेन. सेफ्टीवाले दादा, अप्पांच्या लाइनीत अजून बरेच जण आहेत, मालकाकडे सगळ्यांसाठी मफ आणि वर्षातून एकदा टेस्ट मागायची तर अर्ज कसा लिहायचा, आणि मालकाने नाही म्हटलं तर कुठे जायचं?

सेफ्टीवाला_भुसावळ
एकट्या अप्पांच्या नावाने नको, सगळ्यांच्या सह्या घ्या. अर्जात तीनच गोष्टी, आवाज मोजून घ्या, कानाची साधनं द्या, हंगाम सुरू व्हायच्या आधी आणि संपल्यावर ऑडिओमेट्री करा. भाषा विनंतीची ठेवा, पोच घ्या. महिनाभरात काही हललं नाही तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे प्रत पाठवायची. नमुना आज रात्री टाइप करून इथेच टाकतो, तेवढं अप्पांना विचारून ठेवा की लाइनीत जिन किती आहेत आणि शिफ्ट किती तासांची, ते अर्जात लागेल.